विहीणबाईंच्या बारा बाटल्या

आदरणीय विहीणबाईंना, तुमच्या मुलीच्या सासूचा वाकून नमस्कार. (वाकून हे आपलं लिहिण्यापुरतं. खरंच वाकले तर सरळ करायला दोन माणसं लागतात, ते पुढे येईलच.) तुमची तब्येत बरी असेल. व्याहीबुवांचा गुडघा काय म्हणतो? मागच्या खेपेला जिना उतरताना ते प्रत्येक पायरीवर थांबून माझ्याकडे असं बघत होते, जसा काही तो जिना मीच बांधलाय. त्यांना म्हणावं सांभाळून. आपली नात मजेत आहे. समोरचा दात पडलाय, त्यामुळे "स" म्हणायला लावलं की समोरच्यावर तुषार उडतात आणि शाळेतल्या बाई चार हात लांब उभ्या राहून शिकवतात. तुमची लेक आणि तुमचे जावई सुखरूप. लाँड्रीत कपडे भरपूर, मोठं मशीन मध्ये एकदा रुसलं होतं, लेकाने लाथ घातल्यावर चालू झालं. एवढं कुशल लिहिल्यावर पत्र संपायला हवं. पण मंगळवारी फोनवर तुम्ही गप्प झालात, म्हणून ते संपत नाही.

तुम्ही गप्प बसणाऱ्यातल्या नाही. (राग मानू नका, मी पण नाही.) तुम्ही विचारलंत, खांद्यासाठी पाठवलेल्या तेलाची नवी बाटली लावून बघितली का, आणि मी चार शब्द गोड बोलावेत म्हणून म्हटलं, काय सुंदर वास हो, घरात गुलाब उमलल्यासारखं वाटलं. त्यावर तुमच्याकडून काहीच नाही. मला वाटलं फोन तुटला. मग तुम्ही "बरं, बरं" म्हणालात आणि ठेवलात. संध्याकाळी तुमच्या लेकीने ती बाटली उघडली आणि नाकावर पदर धरून म्हणाली, "आईने निलगिरीचं पाठवलंय, दवाखान्यात शिरल्यासारखं वाटतं." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आता तुम्हाला दोनपैकी एक वाटत असणार. एक, मी तुमची थट्टा केली. दोन, माझं डोकं ठिकाणावर नाही. तर विहीणबाई, दोन्ही नाही. माझं नाक गेलंय. जागेवर आहे, चष्मा त्यावरच बसतो, पण काम करत नाही. मध्ये मला थंडीताप आला होता ना, त्यानंतर गेलं ते गेलं. कांदा, फिनेल, तुमच्या जावयांचे मोजे, मला सगळं एकसारखं, म्हणजे काहीच नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय कारण अर्धं तुम्हाला कळलंच आहे, आणि अर्धं कळलेलं तुमच्या तोंडून लेकीकडे जायला अर्धा दिवस पुरतो. कृपा करून तिला बोलू नका. फोनवरच सांगितलं असतं, पण फोन गल्ल्यावर असतो, आणि तुमच्या उजव्या कानाला ऐकू जावं म्हणून ओरडलं की रस्त्यावरची माणसं थांबून ऐकतात. (तुमच्या कानाचं मी आजवर तुमच्या लेकीला बोलले का? नाही ना? मग.)

तुम्ही म्हणाल, नाक गेलं तर गेलं, या वयात माणसाचं काय काय जातं. पण मी इस्त्रीवाली बाई आहे. तुम्ही आमच्या लाँड्रीत नेहमी पुढेच बसता म्हणून सांगते. पुढे गल्ला, मग धुण्याची दोन मशीनं, मग वाळवायचं गरगरतं पिंप, आणि पार मागे खिडकीशी माझं टेबल. लाकडावर घोंगडी, घोंगडीवर पांढरी चादर, चादरीवर मी. कापड जळायच्या आधी, पिवळं पडायच्याही आधी, एक बारीक वास सोडतं. दूध तळाला लागायच्या जरा आधी येतो ना, त्याच्या जवळपासचा. तो आला की हात आपोआप उचलला जायचा. मी कापडाकडे बघायचेसुद्धा नाही. रस्त्यावर कोण गेलं, कुणाच्या सुनेने केस कापले, ते बघत बघत ढीग संपायचा. आता हाताला निरोपच येत नाही. मग काय करते, मान खाली घालून कापडाला नाक टेकेल इतकी जवळ जाते, डोळे फाडून रंग बघते, श्वास धरते आणि खांदा वर उचलून तयार ठेवते, पिवळं दिसलं की हिसका मारायला. सकाळपासून दुकान मिटेपर्यंत हेच. त्याने उजव्या कानापासून पाठीच्या फऱ्यापर्यंत एक दोरखंड तयार झालाय आणि त्याला जागोजागी गाठी. डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्यांनी खांदा तसाच राहिला आणि पोट पेटलं. म्हणाला, स्नायूंचं जुनं दुखणं आहे, वयाचं आहे. मी म्हटलं, हो, वयाचंच. तेवढ्यावर सुटले.

खरं सांगितलं तर काय होईल ते मला पाठ आहे. तुमची लेक वाईट नाही. ती बरोबर असते, तोच तर त्रास आहे. ती त्याच क्षणी माझ्या हातातली इस्त्री काढून घेईल, आणि माझा लेक ती वेताची खुर्ची पुढे करेल. खुर्ची त्याने आधीच आणून खिडकीशी ठेवलीय, "आई, अधूनमधून टेकत जा" म्हणून. मी तिच्यावर ओले एप्रन टाकते. पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याच्या आईला अशाच खुर्चीत बसवलं. ती बाई माणसाकडे नुसतं बघून कोट बेतायची. आता तिला सकाळी उन्हात सरकवतात आणि संध्याकाळी आत सरकवतात, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला दोन दोनदा विचारते, जेवलात का. मला कुणी सरकवलेलं चालायचं नाही. झालं, लिहून टाकलं.

अशात तुमची पेटी आली. या वयात तुम्ही वनस्पतींच्या तेलांचा क्लास केलात, प्रमाणपत्र भिंतीवर लावलंत, कौतुक आहे. (व्याहीबुवांना आता घरात शिंकायचीही चोरी झाली असेल.) पण बाई, बारा बाटल्या, बाराही तपकिरी, बाराही करंगळीएवढ्या, आणि चिठ्ठ्यांवरची अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी. मी चार बुकं शिकलेली, त्यातलंही चौथं अर्धंच. बाकीचे सगळे बाटली उघडतात, हुंगतात आणि म्हणतात, ही लव्हेंडर झोपेची, ही रोझमेरी, ही आल्याची स्नायूंची. मी जागा पाठ केल्या. वरची ओळ, डावीकडून दुसरी, अशा. मोठी साध्या तेलाची बाटली कोपऱ्यात, त्यात चार थेंब मिसळून लावायचं, हे तुम्ही गुलाबी कागदावर ठळक लिहिलंत ते मात्र वाचलं. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी आपल्या नातीने त्या पेटीचं दुकान मांडलं आणि खेळून झाल्यावर शहाण्या मुलीसारखं सगळं परत भरलं, तिच्या मनाला येईल तसं. एवढंच नाही, ओतायचं पण खेळली होती, मोठ्या बाटलीतलं लहानीत आणि लहानीतलं मोठीत. त्या दिवशी साधं तेल समजून मी जे खांद्यावर हाताने थापलं ते निव्वळ पुदिन्याचं.

आधी काही नाही. मग पाठीच्या आत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं गार. मग इतकं गार की दात वाजायला लागले. मी लेकाचा लोकरी कोट चढवला आणि वाफेच्या इस्त्रीपाशी उभी राहिले. मग ते गार पेटलं. कोट काढला. परत गार. परत घातला. गिऱ्हाइकं कपडे घ्यायची विसरून माझ्याकडे बघत राहिली. तुमची लेक डोळे पुसत मागे आली. "आई, अख्ख्या दुकानाच्या डोळ्यांतून पाणी येतंय. तुम्हाला काहीच होत नाही?" मी म्हटलं, "मला झणझणीत वास आवडतो." तिने माझ्याकडे बघितलं. विहीणबाई, तुमच्या लेकीचं बघणं तुम्हाला माहीत आहे. कपड्यावरचा डाग कशाचा असेल हे ठरवताना ती बघते ना, तसं.

त्याच्यावर कडी केली ती समोरच्या हॉटेलवाल्याच्या नॅपकिनांनी. त्याचे नॅपकिन आणि टेबलावरची कापडं आमच्याकडे येतात. झालं असं की खांद्यावरचं तेल दंडावरून मनगटावर, मनगटावरून चादरीत आणि चादरीतून नॅपकिनात गेलं असणार, आणि गरम इस्त्रीने ते चांगलं मुरवलं. मला कसं कळणार? दुपारी तो नॅपकिनांचा गठ्ठा छातीशी धरून आला. म्हणाला, सूप खोकल्याच्या औषधासारखं लागतं म्हणून तीन टेबलं उठून गेली. आता कुणी दुसरी असती तर गप्प बसली असती. मी गठ्ठा घेतला, एकेक नॅपकिन उचलून भर दुकानात नाकाला लावला, खोल श्वास घेतला आणि म्हटलं, "कुठाय वास? दाखवा. तुमचंच नाक बिघडलंय, डॉक्टरला दाखवा." तो म्हणाला, "आजी, मी दारात उभा आहे आणि मला इथे येतोय!" मी म्हटलं, "मग दारातून जरा लांब व्हा." गल्ल्यापाशी कपडे घ्यायला आलेली एक नर्सबाई तोंडावर रुमाल धरून होती, माझा लेक छताकडे बघत होता. शेवटी तुमची लेक म्हणाली की नवा साबण आलाय, तोच उग्र आहे, सगळं परत धुऊन देतो. हॉटेलवाला गेला. सगळे गेले. तिने माझ्यापुढचे नॅपकिन एकेक करून उचलले. मला बोललेलं परवडलं असतं.

आता खरी भीती ऐका. लेकाला-सुनेला नाकाचा संशय नाही. त्यांना डोक्याचा आहे. निलगिरीला गुलाब म्हणाली, नॅपकिन हुंगून नाही म्हणाली, मधे एकदा नासलेल्या दुधाचा चहा करून सगळ्यांना दिला आणि स्वतः दोन कप प्यायली. (चव पण निम्मी जाते, ते कुणी सांगत नाही.) परवा पिंपामागे कपडे काढत होते तर लेक हळू आवाजात म्हणत होता, "आईचं हल्ली..." मी डोकावले तर बोट कपाळावर. त्यांनी पुढच्या आठवड्यात एका डॉक्टरची वेळ घेतलीय. मला सांगितलं, नुसत्या गप्पा मारायच्या आहेत. गप्पा मारायला डॉक्टर लागतो का? तो आज वार कोणता विचारतो म्हणे. म्हणजे बघा, नाक लपवायला गेले आणि डोकं पणाला लागलं. नाकाचं कबूल केलं तर इस्त्री जाते, नाही केलं तर मीच जाते. जेवण गोड लागत नाही. तसं ते मिठाचंही लागत नाही, पण तुम्हाला कळलं असेल.

तेलाने बरं वाटतं का, हे तुम्ही दर फोनला विचारता, तर खोटं कशाला बोलू. तुमची लेक चोळते तेव्हा बरं वाटतं. तिच्या अंगठ्याला गाठ बरोबर सापडते, मी ओरडते, ती म्हणते "ओरडा", आणि थोडा वेळ मान दोन्ही बाजूंना फिरते. दुसऱ्या दिवशी ढीग निम्मा व्हायच्या आत दोरखंड पुन्हा आवळलेला. आता यात बाटलीचं किती आणि अंगठ्याचं किती हे मला काय ठाऊक? तुम्ही म्हणता अर्धा गुण वासात असतो. मग माझ्या बाबतीत तो अर्धा दारावरूनच परत जात असणार. आणि त्यात तुम्ही रविवारी तुमच्या तेलबाईंना घेऊन येणार. क्लास घेतात त्याच ना? तुमची लेक सांगत होती, त्या डोळ्यांवर रुमाल बांधतात, एकेक बाटली नाकाखाली धरतात आणि दुखणाऱ्या माणसाने सांगायचं, कुठली ओळखीची वाटते, कुठली जवळची वाटते, मग तेच त्याचं तेल. सगळ्यांसमोर. लेकासमोर, सुनेसमोर. बारा वेळा. मला रविवारपर्यंत नीट झोप लागायची नाही, झोपेची बाटली सापडली तरी.

असो. बाकी सगळं ठीक. व्याहीबुवांना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवलात तर आणखी बाटल्या येतील.

तुमच्या मुलीची सासू

ता. क. मुद्द्याचं राहिलं. तेलबाईंना येऊ नका म्हणता येणार नाही, तुमच्या लेकीने त्यांच्यासाठी केक सांगितलाय. तेव्हा असं करा. त्या बाटली धरतील तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसा. रुमाल मी थोडा वर सरकवून घेईन, खालून मला तुमची पावलं दिसतील. लव्हेंडर असेल तर डावं पाऊल हलवा, निलगिरीला उजवं, पुदिन्याला दोन्ही. बाकीच्यांना मी "हं" म्हणेन, त्यात कुणी पकडू शकत नाही. पायात मुंग्या आल्या तरी मधेच पाऊल हलवू नका, नाहीतर मी पुन्हा गुलाबात जाईन. (चष्मा पुसला. अक्षरं धूसर दिसतायत.) हे सगळं दुपारी लिहितेय, दोघं कपडे पोचवायला गेलीत, नात आतल्या खोलीत बोचक्यांवर झोपलीय, लेकाचा शर्ट टेबलावर आहे, त्याची एक बाही झाली की दोन ओळी लिहायच्या असं चाललंय. तेलबाईंना आधी सांगू नका, मास्तरीण माणसं पोटात ठेवत नाहीत. आणि तुमच्या लेकीला तर (परत पुसला. कागद जुना असावा, किंवा डोळे पण निघाले) अजिबात नाही. एवढं केलंत तर तुमची बारा तेलं बारा महिने लावीन आणि दर फोनला

ता. क. दुसरा. मघाचं वाक्य अर्धं राहिलं, राहू दे. तो चष्मा नव्हता. धूर होता.

नात आतून डोळे चोळत आली आणि म्हणाली, "आजी, घाण वाफ येतीये." पाच वर्षांची पोर. मी वळले तर शर्ट नव्हताच, त्याच्या जागी काळं भोक होतं, घोंगडीतून लाकडापर्यंत, आणि कडेने लाल. मी तिला उचलून रस्त्यावर ठेवलं (दुखऱ्या खांद्याने, आणि तेव्हा दुखलाही नाही मेला), आत येऊन प्लग ओढला आणि भिजवलेल्या चादरींची बादली टेबलावर उलटी केली. मग बाहेर जाऊन तिच्याशेजारी पायरीवर बसले. ती म्हणाली, "आजी, तुला वास नाही आला?" मी म्हटलं, "नाही." म्हणजे सगळ्यांत आधी तिलाच सांगितलं. तिने मान हलवली आणि सांगितलं, तिला दात नाही.

मी टेबलाकडे पाठ करून बसले होते, विहीणबाई. ती बोचक्यांवर झोपली होती. बोचकी कापडाची असतात. याच्यापुढचं मला लिहवत नाही.

पावलं हलवू नका. पत्र टपालपेटीत टाकणार होते, ते आता टाकत नाही. तुमची लेक उद्या पडदे घेऊन तुमच्याकडे येतेय, तिच्या हातात देते, पाकीट न चिकटवता. बसमध्ये ती वाचेल. (वाचेलच. मुलगी तुमची आहे.) मला तिच्या तोंडावर सांगता येत नाही, गेले दोन तास पाठ करतेय आणि दरवेळी "तुझा नवरा टेबलाकडे लक्ष देत नाही" असं तोंडातून निघतं. तुमच्या कानाचं वर लिहिलंय ते खोडायला गेले, तर खालचं जास्तच उठून दिसायला लागलं. माफ करा.

सूनबाई, इथवर आलीसच आहेस तर नीट वाच. टेबल पाणी सांडून भिजलं असं मी आज तुम्हा दोघांना सांगणार आहे, ते खोटं आहे. वरचं नवं कापड उचलून बघ. शर्ट राहिला नाही. इस्त्रीचा प्लग मी काढलाय आणि उद्यापासून मी तिला हात लावणार नाही, तू सांगायच्या आधी मी सांगतेय, एवढं लक्षात ठेव. मला घड्या घालायला बसव. घडीला नाक लागत नाही आणि मान सरळ राहते. खुर्चीत बसेन, पण माझं मी उठेन, मला सरकवायचं नाही. गप्पा मारणाऱ्या डॉक्टरला नको म्हणून कळव आणि नाकाच्या डॉक्टरची वेळ घे. आज वार गुरुवार आहे. पोरीला दुपारी दुकानात झोपवायचं नाही, ते मी ठरवलंय, त्यात तुझं किंवा तुझ्या नवऱ्याचं चालणार नाही.

आणि खांदा दुखतो ते खरं आहे, त्यात काही लपवलेलं नाही. परत आलीस की चोळून दे. कुठल्याही बाटलीतलं लाव, मला काय कळतंय.